शून्य नंबरचं घर

११ जानेवारी २००४, रविवार

वही नासिरभाईने दिली. महाडला एस.टी. स्टँडाजवळ त्याचं काम्पुटर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "मोरू, जी कमांड टाईप करशील ती यात लिही, आणि मग काय झालं तेपण लिही. नायतर परत माझं डोकं खायला येशील." आज एकही कमांड टाईप केलेली नाही, म्हणून बाकीचं लिहून घेतो.

काम्पुटर आमच्या गावाच्या मुंबई मंडळाने दिला. मंडळाला पन्नास वर्षं झाली, आणि चिटणीस साहिल ज्या हापिसात कामाला आहे तिथे जुनी मशिनं काढून टाकत होते, अशा दोन चांगल्या गोष्टी एकदम जुळून आल्या. चालवायला मला नेमलं. कारण गावकीच्या बैठकीत आमचे कुशाबाकाका म्हणाले, "आमचा मोरू काम्पुटर शिकलाय चेंबूरला." चेंबूरच्या काम्पुटर क्लासात मी चार महिने होतो हे खरं. चहा आणायला होतो. पण तेव्हा माझ्या तोंडात भाकरी होती, आणि काकांना बैठकीत मध्येच कोणी तोडलेलं आवडत नाही. ते गावकीचे अध्यक्ष आहेत आणि सध्या मी त्यांच्याच पडवीत झोपतो.

मशीन आणायला टेम्पोबरोबर मीच गेलो होतो. येताना ड्रायव्हरशी सुरतेच्या गोष्टी इतक्या रंगल्या की पोलादपूर कधी मागे पडलं ते कळलंच नाही. कशेडी घाट अर्धा चढल्यावर कळलं. वर आलोच होतो तर भजी खाल्ली. त्या आदळआपटीत विंडोज मेलं. नासिरभाईने खोकं उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "हे गेलं. चोरीची सीडी मी दुकानात ठेवत नाय. लिनक्स टाकून देतो. फुरकानने कुवेतवरून धाडलंय. फुकट हाय आणि हलालचं हाय." फुरकान त्याचा चुलतभाऊ.

१५ जानेवारी

काम्पुटर देवळाच्या बाजूच्या खोलीत बसवला. जिथे आधी मंडपाचं कापड ठेवायचे तिथे.

चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. जुन्या मशीनला चित्रं झेपत नाहीत म्हणे. नुसता काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. ती तुमची वाट बघत असते. माऊस लावला तर तो नुसता पडून राहतो. चेंबूरला सर पोरांना सांगायचे, "टिचकी मारा, बघा काय होतं." इथे टिचकी नाही. जे हवं ते नाव घेऊन मागायचं.

कमांड: एल एस, म्हणजे आत काय काय आहे ते दाखव. काय झालं: काही नाही. परत मारली. काही नाही. पोलादपूरला जाऊन बूथवरून फोन केला. नासिरभाई म्हणाला, "अरे, आत फाइल हाय काय एक तरी? रिकाम्या घरात जाऊन हाका मारतोस, कोण ओ देणार?"

याची रीतच अशी दिसते. काम नीट झालं तर गप्प बसतो, चुकलं तरच बोलतो. अगदी काकांसारखा.

२२ जानेवारी

कालपासून एकच उत्तर येत होतं, परमिशन डिनाइड. म्हणून महाड गाठलं. नासिरभाईने चहा मागवला आणि समजावून सांगितलं.

प्रत्येक फाइलीपुढे तीन प्रकारची माणसं असतात. एक तिचा मालक. दुसरे मालकाच्या ग्रुपातले. तिसरे बाकीचे. वाचायचं कोणी, लिहायचं कोणी, हे तिघांचं वेगवेगळं ठरतं. आणि सगळ्यांच्या वर एक रूट. त्याला कोणी अडवत नाही.

मी टेबलावर थापच मारली. "भाई, ही तर आमची गावकी! मालक म्हणजे मानकरी, ग्रुप म्हणजे भावकी, आणि बाकीचे म्हणजे वाळीतले." ज्याने हे लिनक्स काढलं तो आमच्याच बाजूचा असणार, नाहीतर इतकं बारीक कोणाला सुचतं?

नासिरभाईने विचारलं, "कोण हाय रे तुमच्यात वाळीत?"

सांगितलं. एकच घर, साळूकाकीचं. तीन वर्षांपूर्वी गावकीला देवळाकडे जायची वाट तिच्या अंगणातून हवी होती. तिचा नवरा नाही म्हणाला, आणि वर तहसिलीत अर्ज टाकला. तेव्हापासून त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे जायचं नाही, शिमग्याला देवीची पालखी त्यांच्या दारात न्यायची नाही. जो बोलेल त्याला दंड. पुढच्या पावसाळ्यात नवरा वारला तेव्हाही गावातलं कोणी खांदा द्यायला गेलं नाही. तिच्या माहेरची चार माणसं आली आणि घेऊन गेली. मी तेव्हा सुरतेला होतो.

नासिरभाईने कप खाली ठेवला. म्हणाला, "बाकीच्यांना काहीच द्यायचं नसेल, तर तिथं शून्य लिहायचं. घे लिहून."

लिहून घेतलं. येताना बाजारात एक जण बिनपाण्याची दाढी करून दाखवत होता. त्याच्या नादात दोन एस.ट्या गेल्या.

२६ जानेवारी

झेंडा झाल्यावर बैठक. विषय: रूट कोण?

काका म्हणाले, "यात विचारायचं काय? गावात पहिला मान आमच्या घराचा, तर रूट मीच."

कोंडाजीबाबा उठले. त्यांच्या घराचा मान दुसरा. काकांच्या घराने कुठल्या तरी शिमग्यात त्यांचा पहिला मान पळवला असं ते म्हणतात. कुठल्या, ते त्यांच्या आजोबांना ठाऊक होतं. "पहिला मान पालखीत. काम्पुटर काय तुझ्या पडवीत व्यालाय?"

मग तिसरे मानकरी रामजीबाबा, जे कानाने कमी आहेत, त्यांनी विचारलं, "जेवण कधी?" त्यावरून आठवलं की देवीच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं आहेत. तीन घरांकडे तीन चाव्या, तिघं जमले तरच पेटी उघडते. तसंच पासवर्डचं करायचं ठरलं. तीन तुकडे, तीन मानकरी. तिघं हजर असल्याशिवाय रूट होणे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असली व्यवस्था महाडच्या बँकेतपण नसेल.

अडचण एकच. तिघांपैकी कोणालाच टाईप करता येत नाही. म्हणून प्रत्येकाने एकेक करून आत यावं, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करावं, आणि आपला तुकडा माझ्या कानात सांगावा असं झालं. प्रत्येकाने जाताना माझ्याकडून देवीची शपथ घेतली की बाकीच्या दोघांना कळू देणार नाही. रामजीबाबांनी आपला तुकडा इतक्या मोठ्याने सांगितला की बाहेर पोरं हसली, पण शपथ म्हणजे शपथ. मी कोणाला सांगितला नाही.

पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. काका म्हणाले, "हाय ना, लाज हाय त्याला."

३ फेब्रुवारी

आज एस.टी.त मागच्या बाकावर साळूकाकीची अनुपमा होती. एस.टी. सरकारची, तिथे गावकी लागू नाही, असं मी धरतो. तरी कापडे गावचे लोक उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

मग म्हणाली, "मोरूदादा, एक विचारू?"

तिला महाडजवळच्या नाते गावचं स्थळ आलंय. मुलगा एमआयडीसीत कामाला. तिने त्याला बघितलाय आणि तिला पसंत आहे, हे तिने सांगितलं नाही, पण त्याच्या सायकलचा रंगसुद्धा तिला ठाऊक होता. त्याच्या लोकांनी एकच विचारलंय, तुमच्या पाठीशी गाव आहे ना? उद्या लग्नात मांडवात माणूस नसेल तर आमची शोभा होईल. शिमग्याला ते लोक पालखी बघायला येणार आहेत. पालखी दारात आली तर साखरपुडा, नाहीतर नमस्कार.

"कुशाबाकाकांना सांगशील काय एकदा? आई म्हणते, आमचं काय चुकलं असेल तर पदर पसरते, पण पोरीला कशाला?"

मी म्हटलं, आजच सांगतो.

६ फेब्रुवारी

लगेच सांगायचं राहून गेलं, कारण खालच्या वाडीत कोणाचा तरी रेडा विहिरीत पडला होता. तो काढायला अख्खा दिवस गेला. आज सांगितलं.

काकांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं. "तुला कोणी सांगितलं?"

"असंच, कानावर आलं."

"कानात काम्पुटरचं ठेव. नायतर पडवी खाली कर."

ठीक. मला काय, पडवी आहे तोवर बरं.

११ फेब्रुवारी

मुंबईहून साहिलचा निरोप. यंदा शिमग्याची पत्रिका मंडळ छापणार, वर देवीचा फोटो, खाली पालखी कुठल्या क्रमाने कुठल्या घरी जाणार ते. गावातल्या एकूण एक घराची नोंद काम्पुटरवर करून यादी पाठवा.

वाडीवाडी फिरून घरं घेतली. मधल्या वाडीत कैऱ्या लागल्यात, त्यामुळे तिथून सुरुवात केली, मग वरची, मग खालची, मग मधलीच उरलेली. प्रत्येक घराआधी त्याच्या मानाचा नंबर, तो सांगायला तिन्ही मानकरी बरोबर. काका एक, कोंडाजीबाबा दोन, रामजीबाबा तीन, असे एकतीसपर्यंत.

साळूकाकीचं घर आलं तसे तिघं थांबले. काका म्हणाले, "लिवू नको."

मी म्हटलं, "साहिलने एकूण एक घर सांगितलंय. नोंद अर्धी गेली तर मंडळ म्हणेल गावाला काम्पुटर जमत नाय."

"मग लिव, पण नंबर देऊ नको."

"नंबराशिवाय ओळ कशी लिहू? बाकी सगळ्यांना हाय."

कोंडाजीबाबा म्हणाले, "शून्य दे. किंमत तेवढीच हाय."

यावर तिघांचं एकमत झालं. तिघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. नासिरभाईनेही शून्यच सांगितलं होतं, म्हणजे माझं शिक्षण बरोबर चाललंय.

१५ फेब्रुवारी

कमांड: सॉर्ट. काय झालं: मारामारी.

घरं आगेमागे लिहिली होती, म्हणून नंबरवार लावायला सॉर्ट मारली. सरसर सगळी रांगेत उभी राहिली. मी न बघताच छापून देवळाच्या भिंतीला लावली. छपाईच्या मशीनचा आवाज इतका छान येतो की डोळे मिटून ऐकत बसावं.

अर्ध्या तासात कोंडाजीबाबा काठी घेऊन आले. शाळेतल्या पोराने त्यांना एकपासून वाचून दाखवलं होतं. एकनंतर दहा होतं, मग अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, आणि मग दोन. म्हणजे त्यांचं घर रामोशाच्या, तेल्याच्या, सगळ्यांच्या मागे गेलं होतं.

"कुशाबानं सांगितलं ना तुला असं लिवायला?"

"नाय बाबा, काम्पुटरने लावलं."

"काम्पुटर काय कुशाबाचा भाचा हाय? तू हायस!"

मी भाचा नाही, पुतण्या आहे. पण काठी हातात असताना नातं दुरुस्त करू नये. दहा नंबरचा जानू मात्र घरी नारळ फोडून आला होता. त्याला खरं सांगताना जड गेलं.

१९ फेब्रुवारी

परवा नासिरभाईला भेटायला निघालो. काल महाडला महाशिवरात्रीचा छबिना होता, गावोगावच्या पालख्या आल्या होत्या, हे विसरलोच होतो. गर्दीतून त्याच्या दुकानापर्यंत पोचायला दीड दिवस लागला. मधे एका सासनकाठीला हात लावायला मिळाला.

नासिरभाई म्हणाला, "त्याला आकडे कळत नाय, तो अक्षरं बघतो. एकपुढे शून्य दिसलं की तो म्हणतो हे एकच्याच घरातलं. आकडा म्हणून बघ असं सांगावं लागतं. सॉर्ट, मग आडवी रेघ, मग एन."

एवढंच! एक आडवी रेघ आणि एक अक्षर. आमच्याकडे एवढ्यावर डोकी फुटली असती.

मग त्याने यादी मागितली. वरून खालपर्यंत वाचली, परत वर गेला आणि तिथेच थांबला. "या बाईला शून्य दिलंय?"

"एकमताने."

तो हसायला लागला. इतका हसला की शेजारचा टायरवाला बघायला आला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काय नाय. अजिबात काय बदलू नको. रेघ आणि एन मार, आणि पाठवून दे मुंबईला."

२१ फेब्रुवारी

कमांड: सॉर्ट, रेघ, एन. काय झालं: शांतता. तिन्ही मानकऱ्यांपुढे वाचून दाखवली. अक्षरं इंग्रजी, त्यामुळे वाचणारा मीच. एकपासून सुरुवात केली, शून्य काय वाचायचं. काकांनी एक ऐकलं आणि पान खायला उठले. कोंडाजीबाबा दोन ऐकून गेले. रामजीबाबा शेवटपर्यंत बसले, त्यांना तीन ऐकूच आलं नव्हतं.

मग तिघांना परत बोलावून तुकडे टाईप केले, आणि मालक रूट, भावकीला नुसतं वाचायची परवानगी, बाकीच्यांना शून्य असं करून फाइल बंद केली. आता तिघं जमल्याशिवाय काना इकडचा तिकडे होणार नाही. कागद लक्झरीच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईला धाडला.

५ मार्च

मुंबईकर आले. साहिलने पत्रिकांचा गठ्ठा सोडला. गुळगुळीत कागद, देवीचा रंगीत फोटो, पाचशे प्रती, निम्म्या परळ-लालबागला आधीच वाटलेल्या. प्रेसवाल्याने आमचे नंबर काढून टाकून आपले स्वच्छ नवीन नंबर घातलेत.

१. श्रीमती साळूबाई
२. श्री. कुशाबा
३. श्री. कोंडाजी

काकांनी पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग साहिलला म्हणाले, "ह्ये काय?"

"काका, तुम्हीच पाठवलेली लिस्ट. सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं. आम्हाला वाटलं, विधवा बाईला पहिला मान, गावाने काहीतरी पुरोगामी केलं. मंडळात सगळ्यांना फार आवडलं. अध्यक्षांनी तर भाषणात घेतलं."

तेवढ्यात कोंडाजीबाबा आले. त्यांनी पत्रिका वाचून घेतली. आपण दोनचे तीन झालो हे त्यांना कळलं. मी पाय काढायच्या बेतात होतो. पण ते काकांच्या नावावर बोट ठेवून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलला.

"देवीच्या फोटोखाली छापलंय," ते म्हणाले. "आता फिरवायचं म्हंजे देवीला फिरवायचं. माझी कायबी तक्रार नाय."

कोंडाजीबाबांचं मन इतकं मोठं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. स्वतःचा मान गेला तरी हसत होते.

६ मार्च, होळी

सकाळीच बैठक. काका म्हणाले, दुरुस्तीचा कागद काढून भिंतीला लावू. कोंडाजीबाबा म्हणाले, "हातानं लिवलेलं कोणबी लिवील. काम्पुटरातून काढून दाखव." काका म्हणाले, काढतो. कोंडाजीबाबा म्हणाले, "काढ. पण माझा तुकडा मी देत नाय."

व्यवस्था इतकी पक्की निघाली की मला अभिमान वाटला.

बैठक मोडल्यावर काकांनी मला गोठ्यामागे नेलं. "त्याचा तुकडा तुझ्या कानात सांगितला होता ना?"

"होय."

"मग टाईप कर. माझा हाय, रामजीचा साऱ्या गावाला ठाऊक हाय."

मी म्हटलं, "विसरलो."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "तुला पोलादपूर ध्यानात ऱ्हायलं नाय, ह्ये काय ऱ्हाणार!" आणि गेले.

खरं म्हणजे तिन्ही तुकडे मला पाठ आहेत. कोंडाजीबाबांचा तर फारच सोपा आहे. विसरलो असं तोंडातून का गेलं ते कळत नाही. शपथ घेतली होती म्हणूनच असेल. दुसरं काही कारण सुचत नाही. सुचलं तर लिहीन.

७ मार्च

नाते गावची माणसं सकाळीच येऊन देवळाच्या पायरीवर बसली होती. मुलगा, त्याचा मामा आणि आणखी एक म्हातारा. सायकल निळी आहे.

पालखी देवळातून निघाली. मुंबईकर पोरं पत्रिका हातात धरून पुढे, खालूबाजा मागे. वळणावर सवयीने बाजा काकांच्या घराकडे वळला, तर साहिल म्हणाला, "नाही नाही, आधी एक नंबर." काका बाजूला झाले. पाहुणे बघत होते, पाचशे पत्रिका बघत होत्या. पालखी साळूकाकीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

दार बंद.

बाजा वाजला, मग दमला, मग थांबला. आता हाक कोणी मारायची? बोलेल त्याला दंड, हा ठराव अजून कोणी मागे घेतलेला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खांद्यावरची पालखी डुगडुगायला लागली. शेवटी मलाच ढकललं.

"साळूकाकी, पालखी आलीय."

आतून आवाज आला, "कोण म्हणतं?"

"मी मोरू."

"तू गावकी कधी झालास?"

कोणीतरी खुसखुसलं. साहिल पुढे झाला. "काकी, काम्पुटरच्या लिस्टमध्ये पहिलं नाव तुमचं आहे."

"मग काम्पुटराला सांगा, खांदा दे म्हणावं."

बायकांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत असतील. पण म्हाताऱ्या माणसांनी माना का खाली घातल्या ते समजलं नाही, चांगला टोला होता.

रामजीबाबा ओरडले, "काय म्हणाली?" कोणी सांगितलं नाही.

पालखीचे चौघे घामाघूम झाले होते. कोंडाजीबाबा काकांकडे बघत होते. सगळेच काकांकडे बघत होते. मुलाचा मामा त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि चपला शोधायला लागला.

काका पुढे गेले. दारापाशी उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "साळूबाय, दार उघड."

आत काहीच हललं नाही.

"साळूबाय. मी कुशाबा. गावकीच्या वतीनं सांगतो. उघड दार."

कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता, आणि अंगण पहाटेच सारवलेलं होतं, त्यावर रांगोळीसुद्धा होती. हे आम्ही इतका वेळ तिच्यावर उभे राहूनही पाहिलं नव्हतं. अनुपमाने देवीची ओटी भरली. मामाने चपला परत काढल्या.

बाजाने जो दणका दिला, त्यात मी इतका नाचलो की पुढची चार घरं मला आठवत नाहीत.

१४ मार्च

बैठक. झालं ते वाईट झालं असं कोणालाच म्हणता येईना, कारण मुंबईचं मंडळ कौतुकाचं पत्र पाठवतंय. पण रीत मोडली तर कोणाला तरी शिक्षा हवी. तासभर विचार करून ठराव झाला: काम्पुटर वाळीत. पुढच्या शिमग्यापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, त्याच्याशी कसलाही व्यवहार करायचा नाही.

मी विचारलं, निदान बंद करू का? बंद करायची कमांड रूटच देऊ शकतो. काकांनी कोंडाजीबाबांकडे बघितलं, कोंडाजीबाबांनी भिंतीकडे. तो चालूच राहिला. संध्याकाळी वीज गेली तेव्हा आपला आपण विझला.

मी काही त्याच्यासाठी रडलो नाही. नासिरभाई म्हणतो, दुकानात ये, खोकी पुसायला माणूस हवाय. जाईन म्हणतो. आधी कोयनेकडे एक चक्कर मारायचीय, तिथे एक ओळखीचा होडीवाला आहे.

४ एप्रिल

कोयनेला गेलो नाही, कारण आज अनुपमाचा साखरपुडा. अख्खं गाव जेवायला होतं. बसायला जागा नव्हती म्हणून मी वाढपी झालो.

नाते गावचा तो म्हातारा माणूस, जो पालखीला आला होता, त्याने सुपारी फोडायच्या आधी सरळ विचारलं, "तर मग गाव तुमच्या पाठीशी हाय म्हणायचं?"

साळूकाकी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "अहो, पाठीशी काय? आमच्याकडे पहिला मानच या घराचा. बाईमाणूस एकटं हाय म्हणून मीच ठरवलं तसं. दारात जाऊन स्वतः हाक मारली, विचारा कोणालाबी."

"मी पाठिंबा दिला," कोंडाजीबाबा म्हणाले. "मी नसतो तर याचं काय चाललं नसतं."

"मीबी," रामजीबाबा म्हणाले. कशाला ते त्यांनी विचारलं नाही.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग सगळे साळूकाकीकडे बघायला लागले. तिच्या हातात साखरेचं ताट होतं. तिने एकदा काकांकडे बघितलं, एकदा आतल्या भिंतीवर हार घातलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं, आणि ताट पुढे केलं.

"होय," ती म्हणाली. "आले की सगळे. जरा उशीर झाला, एवढंच."

सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्याने हसले.

उशीर झाला होता हे खरं. पालखी आठला निघायची ती नऊला निघाली, कारण मुंबईकर पोरांचे फोटोच उरकत नव्हते. पण एका तासाचं एवढं काय मनात धरून बसायचं?